टॉर्क कन्व्हर्टरची निवड

उभी असलेली मालगाडी हलविणे हे कोणत्याही एंजिनाच्या दृष्टीने सर्वांत अवघड काम होय. गाडी एकदा चालू लागली म्हणजे तिला चालती ठेवण्यास त्या मानाने थोडे बळ पुरते; परंतु आरंभी बळ पुष्कळ लागते आणि वेग मात्र शून्य असतो. वाफेच्या एंजिनाला ही अडचण भासत नसे. चाके स्थिर असतानाही सिलिंडरात वाफ सोडली की दट्ट्यावर पूर्ण दाब पडे व गाडी हळूहळू जागची हाले. डिझेल किंवा पेट्रोल एंजिनाचे तसे नाही. अंतर्ज्वलन एंजिन दर मिनिटास काहीशे फेऱ्यांच्या खाली आले की बंद पडते. म्हणजे ज्या क्षणी बळाची गरज सर्वांत अधिक, त्याच क्षणी ते असमर्थ ठरते. म्हणून फिरते एंजिन व स्थिर चाके यांच्यामध्ये एखादा मध्यस्थ हवा.

नेहमीच्या मोटारगाडीत हे काम क्लच व दंतचक्रांची पेटी करतात. परंतु थांब्याथांब्यावर उभ्या राहणाऱ्या शहरी बसगाडीच्या चालकाला दिवसभरात शेकडो वेळा पायाने क्लच दाबावा लागतो व हाताने गिअर बदलावे लागतात. त्यात चालकाचे श्रम होतात, क्लचचे अस्तर झिजते आणि उभ्या प्रवाशांना हिसके बसतात. हे सर्व टाळणारी स्वयंचलित गिअरपेटी ज्या साधनावर उभी आहे, त्याचे नाव टॉर्क कन्व्हर्टर. टॉर्क म्हणजे फिरविण्याचा जोर; यांत्रिकीच्या ग्रंथांत त्यास पीडन परिबल म्हणतात. हा जोर वाढविण्याचे काम टॉर्क कन्व्हर्टर तेलाच्या प्रवाहाकडून करवून घेतो. हे साधन कसे चालते आणि एखाद्या यंत्रासाठी ते कसे निवडावे, याचा विचार येथे केला आहे.

दोन पंख्यांचा दाखला

विजेचे दोन टेबलपंखे समोरासमोर ठेवावेत व त्यांपैकी एकच चालू करावा. त्याच्या वाऱ्याने दुसरा पंखाही फिरू लागतो. दोहोंमध्ये कोणताही दांडा किंवा पट्टा नाही; शक्ती वाहून नेली ती हवेने. आता हवेच्या जागी तेल घ्यावे, पंख्यांऐवजी पात्यांनी भरलेली दोन वाडग्यांसारखी चक्रे घ्यावीत आणि ती एका बंद कवचात जवळजवळ बसवावीत, म्हणजे द्रवीय जोडणी सिद्ध होते. एंजिनाला जोडलेले चक्र तेल बाहेरच्या कडेकडे फेकते. त्यास पंप म्हणावे. ते तेल दुसऱ्या चक्राच्या पात्यांवर आदळून त्यास फिरविते. त्यास टर्बाइन म्हणावे. एंजिन मंद फिरत असता तेलाचा मारा क्षीण असतो. त्यामुळे गाडी उभी राहूनही एंजिन बंद पडत नाही.

परंतु या जोडणीत एक उणीव आहे. पंपाला जेवढा जोर द्यावा तेवढाच टर्बाइनला मिळतो. त्यात वाढ होत नाही. ही उणीव हेर्मान फॉटिंगर या जर्मन अभियंत्याने दूर केली. स्टेटिन येथील फुल्कान जहाजबांधणी कारखान्यात काम करीत असता त्याच्यापुढे वेगळाच प्रश्न होता. जहाजावरील वाफेची टर्बाइने फार वेगाने फिरत व पाण्यातील मळसूत्री पंख्याला मंद गती हवी असे. द्रवाच्या साहाय्याने वेग उतरवून जोर वाढविण्याच्या आपल्या योजनेचे एकस्व त्याने १९०५ साली घेतले. आजच्या मोटारींतील टॉर्क कन्व्हर्टर हा त्याच कल्पनेचा वंशज आहे.

तिसऱ्या चक्राचे कार्य

फॉटिंगरने पंप व टर्बाइन यांच्या जोडीस तिसरे चक्र दिले. ते फिरत नाही, स्थिर असते. म्हणून त्यास स्टेटर म्हणतात. त्याचे कार्य समजण्यास छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील जुन्या पाणचक्कीसारख्या चक्कीची कल्पना करावी. पाण्याचा झोत पात्यावर पडला व तेथेच ओघळून गेला तर पात्यास काही एक धक्का बसतो. परंतु पात्याला बाक दिला व झोत उलट दिशेस वळविला, तर तोच झोत जवळजवळ दुप्पट धक्का देतो. टॉर्क कन्व्हर्टरमधील टर्बाइनची पाती अशीच बाकदार असतात. परंतु त्यांतून बाहेर पडणारे तेल उलट्या दिशेने पंपात शिरले तर ते पंपालाच विरोध करील. स्टेटरची पाती त्या तेलाची दिशा पुन्हा बदलून ते पंपाच्या गतीला अनुकूल करून देतात. तेलाला वळविताना स्टेटरवर जी प्रतिक्रिया होते ती गिअरपेटीचे स्थिर कवच सोसते, आणि तेवढाच अधिक जोर टर्बाइनच्या वाट्यास येतो.

हिशेब सोपा आहे. टर्बाइनचा जोर हा पंपाचा जोर अधिक स्टेटरवरील प्रतिक्रिया इतका असतो. एंजिनाने १५० न्यूटन-मीटर जोर दिला व स्टेटरने तितकीच प्रतिक्रिया सोसली, तर टर्बाइनला ३०० न्यूटन-मीटर मिळतात. मोटारगाड्यांत गाडी उभी असताना जोराची ही वाढ साधारणतः दुप्पट ते अडीचपट असते. माती उचलणाऱ्या अवजड यंत्रांत ती तिप्पट किंवा त्याहूनही अधिक ठेवतात.

येथे जोर निर्माण झाला असला तरी शक्ती निर्माण झालेली नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. शक्ती म्हणजे जोर गुणिले वेग. म्हणून कन्व्हर्टरची कार्यक्षमता ही जोराची वाढ व वेगाचे प्रमाण यांच्या गुणाकाराइतकी असते. टर्बाइन थांबलेले असता वेगाचे प्रमाण शून्य, म्हणून कार्यक्षमताही शून्य. टर्बाइन पंपाच्या निम्म्या वेगाने फिरत असून जोराची वाढ १.४५ पट असेल, तर कार्यक्षमता ७२.५ टक्के येते. वेगाचे प्रमाण ०.८ व वाढ १.१ पट असेल, तर ती ८८ टक्के होते. त्यापुढे मात्र स्थिर स्टेटर तेलाला वाट देण्याऐवजी आडवा येऊ लागतो व कार्यक्षमता घसरते. यावर उपाय म्हणून जर्मनीतील कार्ल्सरूए येथील ट्रिलोक या संशोधक गटाने स्टेटर एकाच दिशेस फिरू शकेल अशा कुत्र्यावर बसविला. (यंत्रकामातील कुत्रा म्हणजे चाकाला उलट फिरू न देणारी खीळ, सायकलीच्या मागील चाकातही ती असते.) गरज संपताच स्टेटर तेलाबरोबर मोकळा फिरतो व कन्व्हर्टर साधी द्रवीय जोडणी होऊन जातो. आजच्या मोटारींत हीच रचना रूढ आहे.

भारतीय रेल्वेतील प्रयोग

वाफेच्या जागी डिझेल आणताना भारतीय रेल्वेपुढे शक्तिवहनाचा प्रश्न उभा राहिला. एक मार्ग विजेचा होता: डिझेल एंजिनाने जनित्र फिरवावे व त्या विजेवर चाकांजवळच्या मोटारी चालवाव्यात. मुख्य मार्गांवरील मोठ्या एंजिनांसाठी पुढे हाच मार्ग रूढ झाला. परंतु त्यात तांबे पुष्कळ लागते व वजनही वाढते. यार्डात डबे इकडून तिकडे हलविणाऱ्या शंटिंगच्या एंजिनांसाठी व अरुंद मापाच्या मार्गांसाठी द्रवाचा मार्ग अधिक हलका व सुटसुटीत होता.

द्रवाच्या मार्गातील मुख्य अडचण कार्यक्षमतेची. एकच कन्व्हर्टर एका मर्यादित वेगपट्ट्यातच चांगले काम देतो. यावर जर्मनीत दोन तोडगे निघाले होते. फॉइट कंपनीने वेगवेगळ्या वेगांसाठी वेगवेगळे द्रवमंडल ठेवले. एकातील तेल रिकामे करून दुसरे भरावयाचे, म्हणजे काम एकाकडून दुसऱ्याकडे जाते. मेकिड्रो पद्धतीत कन्व्हर्टर एकच, परंतु त्याच्या मागे चार गिअरांची पेटी होती. भारतीय रेल्वेतील यांत्रिकी अभियंता मनमोहन सुरी यांनी निराळी वाट धरली. आरंभीच्या मंद वेगात भार कन्व्हर्टरने उचलावा आणि वेग पुरेसा वाढताच कन्व्हर्टरला बाजूस सारून एंजिन व चाके यांची सरळ जोडणी करावी, असे त्यांच्या योजनेचे सार होते. ज्या टप्प्यात द्रव उपयोगी त्या टप्प्यात द्रव, आणि ज्या टप्प्यात तो केवळ उष्णता निर्माण करील त्या टप्प्यात पोलाद.

ही योजना सुरी ट्रान्समिशन या नावाने प्रसिद्ध झाली. सुरी यांना १९६१ साली पद्मश्री आणि १९६२ साली अभियांत्रिकी शास्त्रांसाठीचे शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक मिळाले. पुढे ते दुर्गापूर येथील केंद्रीय यांत्रिकी अभियांत्रिकी संशोधन संस्थेचे संचालक झाले. स्वराज ट्रॅक्टरच्या आरंभीच्या विकासाचे कार्य त्याच संस्थेत झाले. महाराष्ट्राचा या कथेशी संबंध येतो तो पुण्याच्या हडपसर भागातील किर्लोस्कर न्यूमॅटिक कंपनीमुळे. १९५८ साली स्थापन झालेल्या या कंपनीने रेल्वे एंजिनांसाठी द्रवीय शक्तिवहनाच्या पेट्या व टॉर्क कन्व्हर्टर तयार केले. चित्तरंजन येथील कारखान्यात १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून बनू लागलेली डब्ल्यूडीएस-४ वर्गाची शंटिंग एंजिने द्रवीय शक्तिवहनावरच चालत.

आकाराचा नियम

आता निवडीचा विचार करू. कन्व्हर्टर किती जोर पेलू शकतो हे एका नियमाने ठरते: पंपाने घेतलेला जोर हा त्याच्या वेगाच्या वर्गाच्या आणि व्यासाच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात असतो. पाचवा घात ही सामान्य गोष्ट नव्हे. व्यास दहा टक्क्यांनी वाढविला तर पेलण्याची शक्ती सुमारे ६१ टक्क्यांनी वाढते. व्यास निम्मा केला तर ती बत्तिसाव्या हिश्शावर येते.

गाडीचे ब्रेक दाबून धरले व एंजिनाला पूर्ण इंधन दिले, तर एंजिन एका ठरावीक वेगापर्यंत चढते व तेथे अडते. त्यास कारखान्यात स्टॉल वेग म्हणतात. त्या वेगाला एंजिनाचा जोर व पंपाने मागितलेला जोर समान झालेले असतात. वरील नियमावरून असे दिसते की, ३०० मिलिमीटर व्यासाच्या कन्व्हर्टरचा स्टॉल वेग दर मिनिटास १,८०० फेरे असेल, तर तशाच घडणीच्या २७० मिलिमीटर व्यासाच्या कन्व्हर्टरचा स्टॉल वेग, एंजिनाचा जोर तोच राहिल्यास, सुमारे २,३४० फेरे येईल. व्यासातील केवळ तीन सेंटिमीटरांच्या फरकाने एंजिनाचे सारे वर्तन बदलते. पात्यांच्या कोनांचाही असाच परिणाम होतो. म्हणून केवळ बाहेरचे माप जुळले म्हणजे कन्व्हर्टर जुळला, असे समजू नये.

यंत्र तसा कन्व्हर्टर

लहान कन्व्हर्टर एंजिनाला लवकर वर चढू देतो. ज्या एंजिनाचा जोर उच्च वेगातच प्रकट होतो त्याला तो मानवतो. परंतु नित्याच्या चालीतही त्यात पंप व टर्बाइन यांच्या वेगांत अंतर राहते. इंधन जाते व तेल तापते. मोठा कन्व्हर्टर घट्ट धरतो, काटकसरीने चालतो. परंतु एंजिनाला त्याच्या जोमाच्या वेगापर्यंत पोहोचू देत नाही. टर्बोचार्जर असलेल्या डिझेल एंजिनाला फार मोठा कन्व्हर्टर दिला तर आरंभी पुरेशी हवाच मिळत नाही व गाडी जड वाटते. म्हणून पहिला नियम असा: कन्व्हर्टर एंजिनाच्या आलेखाशी जुळवावा, नुसत्या अश्वशक्तीच्या आकड्याशी नव्हे.

दुसरा नियम कामाच्या स्वरूपाचा. शहरी बस वारंवार थांबते. तिला आरंभीचा जोर हवा, परंतु दोन थांब्यांमधील धावेत कन्व्हर्टर लवकर बाजूस सरला पाहिजे. यासाठी आत एक क्लच बसवितात. वेग जुळताच तो पंप व टर्बाइन यांना एकत्र बांधून टाकतो. त्यास लॉक-अप म्हणतात. अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीने १९४९ साली मोटारीत अशी सोय केली होती. मातीच्या ढिगाऱ्यात तोंड खुपसणाऱ्या लोडरचा कन्व्हर्टर दिवसातील पुष्कळ वेळ अडलेल्या अवस्थेत काम करतो. शिवाय त्याच वेळी एंजिनाला बादली उचलणारा पंपही चालवावा लागतो. तेथे कन्व्हर्टरने एंजिनाची सारी शक्ती गिळून टाकली तर बादली वर येणार नाही. म्हणून जोराची वाढ अधिक, परंतु एंजिनावरील मागणी मर्यादित, अशी रचना निवडतात.

जयपूरच्या विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात किंवा पुण्याजवळील भोसरीत, जेथे लहान कारखाने शेजारी शेजारी आहेत, तेथे फोर्कलिफ्ट घेतानाही हाच प्रश्न येतो. माल दिवसातून मोजक्या वेळा हलवावयाचा असेल तर साध्या क्लचचे यंत्र स्वस्त व पुरेसे होय. परंतु अरुंद जागेत पुढे-मागे अशी ये-जा दिवसभर चालू असेल तर क्लचचे अस्तर वारंवार बदलावे लागते आणि तेवढा वेळ यंत्र उभे राहते. तेथे टॉर्क कन्व्हर्टरचे यंत्र खरेदीस महाग पडले तरी वापरात परवडते. उलट, लांब पल्ल्यावर एका वेगाने जाणाऱ्या मालमोटारीला लॉक-अप नसलेला कन्व्हर्टर देणे म्हणजे प्रत्येक मैलाला इंधनाचा कर भरणे होय.

उष्णता: खरा शत्रू

कार्यक्षमतेतील तूट कोठेतरी गेली पाहिजे. ती तेलाच्या उष्णतेत जाते. वरील उदाहरणातील एंजिन मिनिटास २,००० फेऱ्यांवर १५० न्यूटन-मीटर जोर देत असून टर्बाइन अडलेले असेल, तर सुमारे ३१ किलोवॅट शक्ती संपूर्णपणे तेल तापविण्यात खर्च होते. पेटीत आठ किलोग्रॅम तेल धरले व ते चांगले मिसळते असे मानले, तर त्याचे तापमान दर सेकंदास जवळजवळ २° से. ने वाढते. म्हणजे ८०° से. वर असलेले तेल अवघ्या वीस सेकंदांत १२०° से. पर्यंत जाते. अतितप्त तेल काळे पडते, त्याचा चिकटपणा कमी होतो, रबरी सीले कडक होतात व क्लचच्या चकत्या जळतात. नित्याच्या तापमानापलीकडे दर १०° से. वाढीस तेलाचे आयुष्य सुमारे निम्मे होते, असा एक स्थूल नियम सांगतात.

सुधारणांचा क्रम

गाडीच्या एंजिनाची शक्ती वाढविली किंवा तिच्यावर अधिक भार टाकला, तर गिअरपेटीतही सुधारणा कराव्या लागतात. त्या कोणत्या क्रमाने कराव्यात यास महत्त्व आहे.

पहिले स्थान तेलाचे व शीतकाचे. निर्मात्याने सांगितलेल्या प्रतीचेच तेल वापरावे आणि भार वाढला असल्यास तेलासाठी स्वतंत्र शीतक बसवावा. ही सुधारणा सर्वांत स्वस्त असून तिच्यावाचून पुढील सर्व खर्च व्यर्थ जातो. थंड हवामानाच्या प्रदेशात शीतकाबरोबर तापमान-नियंत्रक झडपही हवी. कारण फार थंड तेलही घट्ट होऊन नीट वाहत नाही.

दुसरे स्थान पेटीतील घर्षण-क्लचांचे व तेलाच्या दाबाचे. ग्रहीय दंतचक्रे अखंड एकमेकांत गुंतलेली असतात. गिअर बदलतो तो या क्लचांच्या चकत्या व पट्टे आवळून. एंजिनाचा जोर वाढला आणि चकत्या तेवढ्याच राहिल्या, तर त्या घसरतात. चकत्यांची संख्या वाढविणे, अस्तर चांगल्या प्रतीचे घेणे व दाब योग्य ठेवणे हे उपाय होत. दाब वाटेल तितका वाढविता येत नाही. त्याने गिअर हिसक्याने पडतात व दांड्यांवर ताण येतो.

कन्व्हर्टर बदलण्याची पाळी यानंतरची. पुष्कळदा हा क्रम उलटा केला जातो: अधिक स्टॉल वेगाचा कन्व्हर्टर प्रथम बसवितात, त्याने गाडी चपळ वाटते, आणि काही महिन्यांत तेल जळून पेटी निकामी होते. वाढलेला स्टॉल वेग म्हणजे वाढलेली उष्णता, हे समीकरण विसरता कामा नये.

दोष ओळखण्याची कसोटी

कन्व्हर्टर बदलण्यापूर्वी तो खरोखरच दोषी आहे काय, हे पाहावे. स्टॉल वेगाची चाचणी हे त्याचे साधन होय. चाके अडवून, ब्रेक पूर्ण दाबून आणि गाडीसमोर कोणी नाही याची खात्री करून एंजिनाला क्षणभर पूर्ण इंधन द्यावे व वेगमापकाचे वाचन घ्यावे. ही चाचणी अनुभवी कारागिराने निर्मात्याच्या सूचनेनुसारच करावी आणि ती पाच सेकंदांपलीकडे लांबवू नये. त्याचे कारण वरील हिशेबात आलेच आहे.

वाचन निर्मात्याच्या आकड्याहून पुष्कळ अधिक आले, तर बहुधा पेटीतील क्लच घसरत आहेत. कन्व्हर्टर निर्दोष असू शकतो. वाचन थोडेसे कमी आले तर एंजिनच अशक्त झाले असण्याचा संभव असतो. ते फारच कमी आले, तर स्टेटरचा कुत्रा निसटून स्टेटर दोन्ही दिशांना मोकळा फिरत आहे असे समजावे. तेव्हा गाडी चढावर दम तोडते. याउलट, आरंभ ठीक, स्टॉल वेगही ठीक, परंतु वेगात गाडी मागे ओढल्यासारखी वाटते व तेल तापते, तर कुत्रा अडकून स्टेटर कायमचा स्थिर झाला आहे. पाच सेकंदांची ही चाचणी अनेक अनावश्यक खरेदी वाचविते.

उपसंहार

विजेच्या मोटारीला या मध्यस्थाची गरज नसते. ती वाफेच्या एंजिनाप्रमाणेच स्थिर अवस्थेतही पूर्ण जोर देते. मुंबईच्या रस्त्यांवर विजेच्या बसगाड्या वाढत आहेत, आणि तेथे टॉर्क कन्व्हर्टरचे क्षेत्र आकुंचन पावत जाणार हे उघड आहे. परंतु खाणी, बंदरे, धरणांची बांधकामे व गोदामे येथे डिझेल एंजिन जोवर भार उचलीत आहे, तोवर तेलाचे हे चक्रही फिरत राहील. त्याची निवड करणाऱ्याने तीन प्रश्न विचारावेत: एंजिन आपला जोर कोणत्या वेगात देते; यंत्र दिवसातील किती काळ अडून किंवा मंद चालून काम करते; आणि त्या काळात निर्माण होणारी उष्णता कोठे जाणार. या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर मांडून मग दुकानात जाणारा मनुष्य सहसा फसत नाही.